धोपाव्याच्या जेटीवर एक फलक हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत निम्मं सोलापूर कोकणात असतं, तसे आम्हीही होतो. गुहागरहून दापोलीला जायचं, तर रस्त्यानं चिपळूण-खेडचा मोठा वळसा. म्हणून धोपाव्याला गाडी फेरीबोटीत घातली. वाशिष्ठीची खाडी ओलांडली की दाभोळ.

चढताना लोखंडी फळीचा असा दणका बसला, की मागे बसलेल्या आईच्या तोंडून सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतलं 'बोला, एकदा भक्तलिंग हर्र' निघून गेलं! बोट सुटल्यावर मात्र ती खाली उतरून कठड्याशी उभी राहिली आणि रेल्वेतून भीमेत टाकतो तसं एक नाणं खाडीत टाकलं. गाडीत बसून राहिलेल्यांना यातलं काहीच मिळत नाही.

दाभोळला उतरलो आणि सरळ दापोली गाठली. चूक आमचीच. रात्री मुक्कामाच्या घरमालकांनी विचारलं, "मशीद बघितलीत ना?" जेटीपासून जवळच आदिलशाहीतली दगडी मशीद आहे. हजला निघालेली विजापूरची राजकन्या इथं अडकली आणि प्रवासाचे पैसे तिनं या बांधकामाला लावले, असं सांगतात. दाभोळ हे विजापूरचं बंदर. त्याआधी बहामनींचं. रशियन व्यापारी निकितीन परतीच्या जहाजात बसला तो इथूनच, आणि १५०८ साली पोर्तुगीजांनी जाळलं तेही हेच गाव.

म्हणजे आपल्याच राज्याचं बंदर की! सोलापूरचा किल्लाही बहामनी, मग आदिलशाही. १५२४ साली विजापूरच्या मरियमचं लग्न अहमदनगरच्या निजामशहाशी ठरलं, तेव्हा हा किल्ला हुंड्यात कबूल केला, दिला मात्र नाही. त्यावरून दोन्ही घराणी कित्येक वर्षं भांडली. (हुंड्याची बोलणी तेव्हाही तशीच.)

मागणी छोटी आहे. धोपाव्याला गाड्या रांगेत उभ्या असतात तिथं, ठळक मराठीत, चार ओळींचा फलक लावावा: समोर काय आहे, किती जुनं आहे, जेटीवरून कुठं वळायचं. दाभोळला उतरल्यावर फलक लावून उपयोग नाही. तिथं मागची गाडी हॉर्न देत असते. आणि जमलं तर आपल्या किल्ल्याच्या दारातही दाभोळचं नाव एका ओळीत यावं.

आई उन्हाळ्यात पुन्हा चला म्हणते. या वेळी नाणं दहाचं टाकणार आहे.

– एक वाचक, जुळे सोलापूर