मनीच्या वजनाबद्दल

प्रिय मित्रा,

मनीचा फोटो पाहिला. खाली तू लिहिलंयस, ‘खात्यापित्या घरची दिसते की नाही?’ आधी हसलो, मग हसू विरलं. आमचा बोका दोन वर्षांपूर्वी असाच बसायचा, पोट दोन्ही बाजूंनी सांडलेलं.

माझ्या ते ध्यानात आलं केसांवरून. शेपटीच्या वर पाठीवर केसांच्या गुठळ्या झालेल्या, खाली कोंडा. मला वाटलं, म्हातारपणी आळशी झालाय. डॉक्टर म्हणाले, आळशी नाही, त्याची जीभच तिथवर पोचत नाही. त्या रात्री तो मान वळवून, तोंड लांबवून पाठ चाटायला बघत होता आणि मधेच सोडून देत होता. मला बघवेना. वजन भरलं ६.८ किलो. असायला हवं होतं ५ च्या आसपास.

मग मी जो शहाणपणा केला तो तू करू नकोस. एका दिवसात खाणं निम्मं केलं, वर नवीन ‘हलकं’ खाणं आणलं. त्याने वाटी हुंगली आणि पाठ फिरवली. म्हटलं, भूक लागली की झक मारत खाईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज फोन केला तर डॉक्टर चिडलेच. जाड मांजर जेवायचं थांबलं की अंगातली चरबी भराभर यकृतात जाऊन साठते आणि यकृत काम करेनासं होतं. दोन-तीन दिवसांचा उपासही जिवावर बेतू शकतो. म्हणून २४ तास मांजराने तोंड लावलं नाही, तर वाट बघत बसायचं नाही. जुनं खाणं पुढे ठेवलं तेव्हा कुठे त्याने चार घास खाल्ले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा घाई नको. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते दोन टक्के, बास. एक टक्का धरला तर आमच्यासाठी जेमतेम ६८ ग्रॅम! डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, मग ५ किलोच्या मांजराचा हिशेब मांडला: दिवसाला साधारण १८७ कॅलरी, म्हणजे आमच्या कोरड्या खाण्याचे ५० ग्रॅम. हा आकडा मनीला लावू नकोस, तिचा वेगळा काढून घे.

आता गंमत ऐक. मी रोज ‘एक वाटी’ घालायचो, ती काट्यावर ठेवली तर ८३ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी तीच वाटी ७४. शिवाय घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने लाड करायचा आणि कोणी कबूल करायचं नाही. शेवटी सकाळीच दिवसभराचं मोजून एका डब्यात भरायला लागलो. ज्याला लाड करायचेत त्याने त्या डब्यातूनच करावेत. डबा रिकामा, दिवस संपला. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली ती मांजराशी नाही, माणसांशी!

पहाटे चार वाजता तो छातीवर बसून माझ्या पापणीवर पंजा ठेवायचा, नखं आत घेऊन, अगदी सभ्यपणे. एकदा उठलो, तर दुसऱ्या दिवशी साडेतीनला हजर. तेव्हापासून शेवटचा घास झोपताना देतो आणि पहाटे मेल्यासारखा पडून राहतो. निम्म्या कोरड्या खाण्याऐवजी पाकिटातलं ओलं खाणं सुरू केलं, त्याचाही उपयोग झाला. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, तेवढ्याच कॅलरीत वाटी भरलेली दिसते. पण बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू कर.

दोरीशी पाच-पाच मिनिटं खेळवतो, पण खरं सांगू? वजन उतरतं ते वाटीतून. खेळाने त्याचा मूड सुधारतो आणि माझा अपराधीपणा कमी होतो.

आणि पोटाखाली लोंबणारी कातडीची झोळी बघून घाबरू नकोस, ती सडपातळ मांजरालाही असते. बरगड्या चाचप. आपल्या हाताच्या पंजाच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा लागायला हव्यात. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर मात्र काम आहे.

आमची गाडी तीन आठवडे ५.६ वर अडली होती. डॉक्टरांनी रोजच्या खाण्यातले ५ ग्रॅम कमी केले, या रविवारी ५.५४ भरलं. वजन करायला तू मनीला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहा, मग तुझं एकट्याचं वजा कर. दोन्ही आकडे कळव. तुझाही मला बघायचाच आहे.

तुझा,
मी