गाइडच्या प्रशिक्षणात गुडा आणि पोड कधी येणार?

मा. संपादक,

पावसाळा सरला की सहस्रकुंड, उनकेश्वर, माहूर आणि पैनगंगा अभयारण्याच्या वाटेला पर्यटकांच्या गाड्या लागतात. मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान नाही, पण किनवट-माहूरचे जंगल आहे, आणि ते गोंड, कोलाम, आंध, परधान यांच्या राहत्या वस्त्यांचे जंगल आहे. गोंडांची वस्ती म्हणजे गुडा, कोलामांची म्हणजे पोड. इथल्या गाइडला पक्षी, पगमार्क, झाडांची नावे शिकवली जातात. ज्यांच्या गावातून गाडी जाते त्या माणसांच्या वाट्याला फार तर तासाभराचे भाषण येते, तेही बाहेरच्या वक्त्याचे. हा भाग गावाने शिकवावा, गावानेच तपासावा आणि त्याचे मानधन गावाला मिळावे, या मागणीसाठी हे पत्र.

चूक सुरू होते ती 'हे सगळे आदिवासी' या वाक्यापासून. गोंडी आणि कोलामी या दोन वेगळ्या द्रविड भाषा आहेत. आंध मराठीच बोलतात. परधान हे गोंडांच्या कुळकथा किंगरी या तंतुवाद्यावर गाणारे. कोलाम ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक, उरलेल्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. शेजारच्या बंजारा तांड्याची भाषा आणि रीत आणखी निराळी. कोलाम पोडावर उभे राहून गोंडांची माहिती सांगणारा गाइड ऐकणाऱ्या पोरांसमोर त्यांचीच ओळख पुसत असतो.

दुसरी चूक दंडारीच्या वेळी होते, आणि ती जास्त लागते. दिवाळीच्या दिवसांत गोंड गावांतून दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघते. एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते, सोयरिकीचे धागे त्यातून जुळतात. त्यात नाचणाऱ्या घुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप असतो, अंगाला राख आणि हातात काठी. त्या दिवसांत तो देवाचा असतो, आंघोळही करत नाही. त्याच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी घेणे, टोप आपल्या डोक्यावर चढवून बघणे, 'पुन्हा एकदा नाचा' म्हणून नोटा पुढे करणे, यातले काहीच चालत नाही. उन्हाळ्यात रिसॉर्टच्या अंगणात तोच नाच पाहुण्यांसाठी लावणे तर त्याहून वाईट. टोप पाहून 'मोर मारतात' असे सांगणारे गाइडही आहेत. मोर मारणे गुन्हा आहे. मोराची गळालेली पिसे बाळगणे गुन्हा नाही, आणि हे टोप वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असतात. शेजारच्या तेलंगणातील कनक राजू यांना याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, एवढे तरी गाइडला सांगता यावे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली काय होते तेही पाहा. फुले रात्री उशिरापासून सकाळपर्यंत टपकतात. त्याआधी झाडाखालचा पाचोळा झाडून जमीन स्वच्छ केलेली असते, म्हणून फूल मातीत न मिसळता उचलता येते. बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत येतात. सकाळच्या सफारीची गाडी नेमकी तेव्हाच पोहोचते. पर्यटक उतरतात, फुलांवरून चालतात, कॅमेरे काढतात. तुडवलेले फूल वाळवताना काळे पडते आणि त्याला भाव मिळत नाही; लोकांची वर्दळ वाढली की बाया झाड सोडून जातात आणि त्या दिवसाची वेचणी बुडते. गाइडने गाडी निदान तीसेक पावले अलीकडे थांबवावी, इंजिन बंद करावे, एकट्याने पुढे जाऊन विचारावे. 'नको' म्हटले तर गाडी वळवावी. आणि मोह म्हणजे दारू, एवढेच सांगून थांबू नये. वाळलेले फूल खाण्यात येते, बियांचे तेल निघते, हेही सांगावे.

गोंडांच्या पेनठाण्यांबद्दल, म्हणजे कुळदेवांच्या जागांबद्दल, नियम सोपा आहे: कुळाच्या लोकांनी नेल्याशिवाय जायचे नाही, फोटो नाही, मोबाइलच्या नकाशावर खूण टाकायची नाही. खूण एकदा टाकली की मागून कोण येईल यावर कुणाचा ताबा राहत नाही.

औषधी झाडपाल्याचेही तसेच. कोणते मूळ कशावर चालते हे गाइड हौसेने सांगतो आणि पुढच्या फेरीत झाड उपटलेले दिसते. वनहक्क कायदा २००६ ने पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. गावातल्या झाडझाडोऱ्याची आणि त्याच्या माहितीची नोंद असलेल्या लोक जैवविविधता नोंदवहीत काय आहे आणि त्यातले पर्यटकांना काय सांगायचे, हे गावाला विचारूनच ठरावे.

प्रशिक्षण कसे असावे? वीस-पंचवीस जणांची तुकडी, पाच दिवस. त्यातले दोन दिवस गावात: एक गोंड गुड्यात, एक कोलाम पोडावर. वेळ पोळ्यानंतरची आणि सोयाबीन काढणीच्या आतली. एकदा काढणी आणि कापूस वेचणी सुरू झाली की शिकवायला कुणी मोकळे सापडत नाही, आणि दिवाळीनंतर घेतले तर दंडारी होऊन गेलेली असते. शिकवणाऱ्यांत बाया हव्यातच, कारण मोहाची आणि रानभाज्यांची रीत त्याच सांगू शकतात. मानधन शहरातून येणाऱ्या तज्ज्ञाला देतात तेवढेच द्यावे. चहा-नाश्त्यावर गावाची बोळवण करू नये.

सराव नकार देण्याचा घ्यावा. एकाने पर्यटक व्हावे, पाचशेची नोट पुढे करून फोटोचा हट्ट धरावा. दुसऱ्याने आवाज न चढवता 'नाही' म्हणावे आणि कारण दोन वाक्यांत सांगावे. प्रशिक्षणात सगळ्यात कच्चा राहतो तो हाच भाग. गाइडचे पोट टिपवर असते, पाहुण्याला दुखवायची भीती वाटते. म्हणून तिकीट देतानाच नियमांचा कागद पर्यटकाच्या हाती द्यावा, म्हणजे वाईटपणा एकट्या गाइडकडे येत नाही. लेखी परीक्षेपेक्षा वाटेवरची परीक्षा घ्यावी: गावातली दोन जाणती माणसे सोबत चालतील आणि गुण देतील. ओळखपत्राचे नूतनीकरण दरवर्षी, गावाची तक्रार नसेल तरच.

हे परदेशात जमलेले आहे. ऑस्ट्रेलियातील उलुरू-काटा जुटा राष्ट्रीय उद्यानाची जमीन १९८५ साली अनांगू लोकांना परत मिळाली, व्यवस्थापन मंडळात त्यांचे बहुमत आहे, आणि तिथे व्यावसायिक गाइडला त्यांच्या संस्कृतीचा अभ्यासक्रम उत्तीर्ण व्हावा लागतो. त्यांना पवित्र असलेल्या उलुरू या खडकावर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाले. आपल्याकडे कायद्याचा आधार कमी नाही. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायदा १९९६ ने परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे आणि किनवट भागातली अनेक गावे त्याखाली येतात. राज्याच्या २०१४ च्या नियमांनुसार वस्ती-पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते. म्हणून ठराव मोठ्या ग्रामपंचायतीकडून न घेता ज्या पोडावर गाडी जाणार त्या पोडाचा घ्यावा. कोणती वाट खुली, कोणत्या महिन्यात बंद, फोटो कुठे चालेल, हे त्यात असावे. गौताळा अभयारण्याच्या बाजूला भिल्ल आणि ठाकर वस्त्यांसाठीही हेच करता येईल. तो पेसाचा भाग नसला तरी वनहक्क कायदा तिथे लागू आहे.

वन्यजीव विभाग आणि किनवटचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प यांनी एकत्र बसून यंदाच्या पोळ्याआधी पहिल्या तुकडीची तारीख जाहीर करावी आणि गावांचे मानधन प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकातच धरावे.

– निसर्ग मार्गदर्शकांचे प्रशिक्षक, किनवट (जि. नांदेड)