लोणारचे पाणी आणि पोटॅशची गोणी

महोदय,

लोणार बुलढाणा जिल्ह्यात असले तरी आम्हा मंठेकरांना ते शिवेवरचेच. त्यामुळे ‘त्या खाऱ्या पाण्यातून बॅटरीला लागणारे लिथियम काढा, मराठवाड्याचे दिवस पालटतील’ अशी चर्चा पारावर रंगली की हसू येते. लोणारच्या पाण्यात भर आहे ती मिठाची आणि सोड्याची. पूर्वी तिथून डल्ला, पापडी, भुस्की निघायची. साबण आणि काचेसाठी लागणाऱ्या या क्षारांची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. आता २०२० पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे हात न लावलेलाच बरा.

माझी अडचण पडवीत ठेवलेल्या पोटॅश खताच्या गोणीची आहे. दुकानदार म्हणाला, जॉर्डनचा माल. पोटॅश आपण जवळपास सगळेच बाहेरून आणतो, हीच ती अडचण. मृत समुद्राकाठी मोठाल्या वाफ्यांत पाणी उन्हाने आटवतात. आधी साधे मीठ तळाशी बसते. उरलेले पाणी पुढच्या वाफ्यात सोडले की पोटॅश-मॅग्नेशियमचा क्षार बसतो. त्यातूनच हे खत बनते. चिलीत लिथियमही असेच आटवून काढतात, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागते.

गुजरातच्या मिठागरांतही मीठ काढल्यावर असे कडवट पाणी उरते. त्यातून पोटॅश खत बनवण्याची पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने विकसित केली आहे. मग ते खत आमच्या तालुक्याच्या दुकानात का दिसत नाही, हे आमच्या खासदारांनी संसदेत विचारावे.

– एक कापूस उत्पादक, मंठा (जि. जालना)