गळाचा उरलेला चारा म्हशीपुढे नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तापी, गिरणा आणि वाघूर या नद्यांच्या काठी किंवा हतनूरसारख्या जलाशयावर रीतसर परवानगी काढून गळ टाकणारी हौशी मंडळी खान्देशात थोडीथोडकी नाहीत. दिवाळी उलटली आणि रात्री गार पडू लागल्या, की रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस यांची भूक मंदावते, कारण माशाचे अंग पाण्याबरोबरच गार होते आणि त्याचे पचन सावकाश चालते. मग आमचे गळ खुंटीला लागतात आणि घरोघरी चार-पाच किलो चारा उरतो. तो होळीपर्यंत कसा राखावा आणि बिघडलाच तर त्याचे काय करावे, याविषयी लिहीत आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्याचा एक धागा थेट दुधाच्या पातेल्यापर्यंत जातो, म्हणून ही तसदी.

आमचा चारा म्हणजे शेंगदाण्याची पेंड, सरकीची ढेप, मक्याचा भरडा, थोडे हरभऱ्याचे पीठ, गूळ आणि वासासाठी चिमूटभर हिंग. गेल्या वर्षी असा मळून उरलेला चारा मी चार दिवस उन्हात वाळवला, पत्र्याच्या डब्यात भरला, झाकण घट्ट बसवले आणि डबा माळ्यावर, छताच्या पत्र्याखाली ठेवून दिला. थंडीत काय खराब होणार, हा माझा समज. फेब्रुवारीत डबा उघडला तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला गंजाचे ओघळ होते, वरचा चार बोटांचा थर हिरवट-पिवळ्या बुरशीने जखडून गेला होता, आणि तळाचा चारा मात्र मुठीतून भुरभुर सांडावा इतका कोरडा होता. पाणी बाहेरून आलेच नव्हते. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी तिशीला टेकतो. दुपारी चाऱ्यातली उरलीसुरली ओल वाफ होऊन वर चढते आणि रात्री गार पडलेल्या झाकणाला घाम होऊन चिकटते. महिना-दोन महिने हा खेळ रोज चालला, की तळ कोरडा आणि माथा ओला.

तो चारा मी उकिरड्यावर टाकायला निघालो, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "फेकतोस कशाला? म्हशीला घालतो." त्यांचे म्हणणे त्यांच्या परीने बरोबर होते, ढेप आणि मका हे म्हशीचेच खाणे. मी दिला नाही, त्यावरून दोन दिवस अबोलाही झाला, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे.

शेंगदाणा, मका आणि सरकी या तिन्हींवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी सहज धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करू शकते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेतला तेव्हा दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडला आणि तिथूनच या विषाची ओळख पटली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यकेंद्रांत रेनबो ट्राउट माशांच्या यकृतात गाठी आढळल्या, आणि तिथे कारण निघाले ते खाद्यातल्या सरकी पेंडीचे. आपले रोहू-कटला ट्राउटइतके हळवे नाहीत, परंतु म्हणून त्यांना बुरसट चारा घालावा असे होत नाही. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या विषाचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांत दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म धरली आहे. हे विष चारा उकडल्याने किंवा दूध तापवल्याने जात नाही. वरची बुरशी खरवडून खालचा चारा वापरण्यातही अर्थ नाही, कारण विष डोळ्यांना दिसत नाही. आमचा तो तळाचा कोरडा चारासुद्धा मी याच कारणाने टाकला.

आता साठवणीचे. इंग्लंडमधले कार्प मासे गळाने धरणारे शौकीन अंड्यात पीठ मळून उकडलेले गोळे वापरतात, त्यांना बॉयलीज म्हणतात. उरलेले गोळे ते डीप फ्रीझरमध्ये ठेवतात किंवा जाळीच्या पिशवीत टांगून खडखडीत वाळवतात. तिकडचा हिवाळा ओला, म्हणून फ्रीझरला मान. आपल्याकडे डिसेंबरची हवा कोरडी असते आणि ऊन फुकट मिळते, त्यामुळे बिबड्या-सांडगे घालणाऱ्या घराला वाळवण शिकवायची गरज नाही. फक्त गोळा सुपारीएवढाच करावा आणि फोडल्यावर आतून नखाने दबत असेल तर आणखी दोन दिवस ऊन द्यावे. शिजवलेला मका फ्रीझरमध्येच टिकतो, पण जिथे भारनियमनात तो वितळतो आणि पुन्हा गोठतो, तिथे त्या भानगडीत न पडलेले बरे. शिवाय घरच्या फ्रीझरमध्ये हिंगाचा चारा ठेवल्यावर काय ऐकावे लागते, ते मी इथे लिहीत नाही.

सगळ्यांत उत्तम म्हणजे चारा मळून ठेवूच नये, जिन्नस वेगवेगळे ठेवावेत. घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहते आणि ती उन्हात खवट होते, म्हणून ती सावलीत, कापडी पिशवीत असावी. मक्यासाठी एक सोपी परीक्षा आहे: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवावे, मीठ काचेला चिकटले, तर दाण्यात साठवणीला नको इतकी ओल आहे. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर वाळलेला घालावा, कारण ओला पाला घालणे म्हणजे डब्यात पाणी ओतण्यासारखेच आहे. धान्यातल्या विषारी गोळ्या चाऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नयेत. डबा पत्र्याच्या छताखाली न ठेवता घरात, भिंतीपासून थोडा दूर, फळीवर ठेवावा, आणि पंधरवड्यातून एकदा दुपारी उघडून झाकणाच्या आतून हात फिरवून पाहावा.

इतके करूनही बुरशी आलीच, तर तो चारा गाई-म्हशींना, कोंबड्यांना किंवा तळ्यात टाकू नये. तळ्यात तो कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. नाकाला रुमाल बांधून, जनावरे उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरावा.

आपल्या दैनिकाच्या कृषी पानावर मका आणि ढेप यांच्या साठवणीविषयीची माहिती दिवाळीच्या आधी यावी, ही विनंती. जानेवारीत ती वाचायला मिळते, तोवर डबे भरून माळ्यावर गेलेले असतात.

आपला,
गळ टाकणारा एक वाचक,
भुसावळ