अस्सलपणाचा पुरावा विक्रेत्याने द्यावा : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
ग्राहक संरक्षण खाते

सविनय नमस्कार.

नामांकित ब्रँडची म्हणून ऑनलाइन घेतलेली वस्तू बनावट असल्याचा संशय आला आणि ग्राहकाने तक्रार केली, तर ती बनावट असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आज जवळजवळ सगळीकडे त्याच्यावरच येऊन पडते. ही जबाबदारी विक्रेत्यावर, आणि ज्या विक्रीमंचावर तो आपला माल मांडतो त्या मंचावर असली पाहिजे, एवढ्या एकाच मागणीसाठी मी हे पत्र लिहीत आहे. माल एका देशातून निघतो, मंच चालवणारी कंपनी दुसऱ्या देशात नोंदलेली असते आणि पैसे तिसऱ्याच देशातल्या बँकेतून फिरतात. त्यामुळे हे पत्र कोणा एका सरकारला उद्देशून नाही. हे खाते ज्यांच्याकडे आहे त्या प्रत्येकाने ते आपल्यालाच लिहिले आहे असे समजावे, ही विनंती.

प्रश्न किती मोठा आहे हे आपल्या खात्याला ठाऊक असणारच. ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालात २०१९ मधील बनावट मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ४६४ अब्ज डॉलरच्या घरात, म्हणजे जागतिक व्यापाराच्या सुमारे अडीच टक्के, असल्याचा अंदाज दिला होता. मात्र अशा अहवालांत नुकसान मोजले जाते ते प्रामुख्याने ब्रँडचे आणि सरकारी महसुलाचे. पूर्ण किंमत मोजून नकली वस्तू घरी आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे मला येथे मांडायचे आहे.

मी स्वतः घेतलेली चामड्याची एक हँडबॅग माझ्यासमोर आहे. मंचावरील जाहिरातीत ‘शंभर टक्के अस्सल’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. प्रत्यक्षात पट्ट्याच्या कडेला दिलेला रंग पहिल्याच आठवड्यात पापुद्र्यासारखा सुटू लागला. आतल्या चामडी पट्टीवर उमटवलेल्या ब्रँडच्या नावात दोन अक्षरांमधले अंतर इतर अक्षरांपेक्षा जास्त आहे, चेनच्या सरकत्या टोकावरचे कोरीवकाम उथळ आहे आणि खिशाच्या कोपऱ्यात शिवणीचे टाके एकमेकांवर चढलेले आहेत. आत शिवलेल्या कापडी चिठ्ठीवरचा सिरियल नंबर दुसऱ्या एका विक्रेत्याने जाहिरातीत टाकलेल्या छायाचित्रातील बॅगेवर जसाच्या तसा आढळला. या सगळ्याहून मला महत्त्वाचे वाटते ते बिल. त्यावर ब्रँडचे नावच नाही; ‘लेडीज बॅग, १ नग’ एवढीच नोंद आहे. जाहिरातीत ब्रँडचे नाव मिरवायचे आणि बिलावर ते येऊ द्यायचे नाही, ही पद्धत मी इतरांच्या बिलांतही पाहिली आहे आणि तिच्यामागे हेतू आहे असे माझे स्पष्ट मत आहे. उद्या वाद झालाच, तर विक्रेत्याला ‘आम्ही अमुक ब्रँडची बॅग विकली असे कुठे लिहिले आहे?’ असे विचारता येते, कारण तोपर्यंत जाहिरात मंचावरून उतरवलेली असते.

तक्रार नोंदवल्यावर मंचाकडून आलेले उत्तर नम्र होते, पण त्याचा अर्थ एवढाच होता की वस्तू बनावट असल्याचे संबंधित ब्रँडचे लेखी पत्र आणावे, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल. हे पत्र मिळवायचे कसे, याचे उत्तर त्यात नव्हते. बहुतेक बडे ब्रँड इतरत्र घेतलेली वस्तू ग्राहकासाठी तपासून देत नाहीत; ती अस्सल आहे किंवा नाही याबद्दल लेखी मत देणे त्यांच्या धोरणातच बसत नाही. खासगी तपासनीस आहेत, परंतु त्यांतले बरेच जण केवळ छायाचित्रांवरून मत देतात, त्यासाठी वेगळे शुल्क घेतात आणि त्यांचे मत मान्य करायचे की नाही हे मंच स्वतः ठरवतो. जो पुरावा सामान्य माणसाला मिळूच शकत नाही, तोच आणण्याची अट घातली, तर तक्रारीचा रस्ता कागदावर उघडा राहतो आणि व्यवहारात बंद होतो.

बँकेकडे गेले तरी फारसा फरक पडत नाही. कार्डाने पैसे भरले असल्यास चार्जबॅक, म्हणजे झालेला व्यवहार उलटवून बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो आणि व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत तर बनावट मालासाठी १३.४ क्रमांकाचा स्वतंत्र प्रवर्गच आहे. वस्तू मिळाल्यापासून किंवा ती बनावट असल्याचे कळल्यापासून १२० दिवसांची मुदतही त्यात आहे. पण तेथेही अपेक्षित आधार असतो तो व्यापारचिन्हाच्या मालकाच्या, सीमाशुल्क विभागाच्या, पोलिसांच्या किंवा एखाद्या तटस्थ तज्ज्ञाच्या कागदाचा. म्हणजे मंचाने अडवलेला माणूस बँकेच्या दारातही त्याच कागदासाठी अडतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार ठरावीक मर्यादेतील क्रेडिट कार्डाच्या खरेदीसाठी कार्ड देणारी संस्था विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते, ही चांगली तरतूद आहे. परंतु वस्तू बनावट होती हे तेथेही आधी दाखवावे लागतेच. आणि ज्याने थेट खात्यातून किंवा वस्तू हातात पडताना रोख पैसे दिले, त्याला चार्जबॅकचा हा मार्गही उरत नाही.

यापुढचा टप्पा मला सर्वांत गंभीर वाटतो. पाठपुरावा केल्यावर मंच कधीकधी ‘सद्भावना म्हणून’ परतावा देण्याची तयारी दाखवतो, पण वस्तू विक्रेत्याकडे परत पाठवण्याच्या अटीवर. ग्राहक थकलेला असतो, तो पार्सल बांधून देतो. त्या क्षणी त्याच्या हातातला एकमेव पुरावा जातो आणि तीच बॅग नव्या वेष्टनात दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जायला मोकळी होते. मंचाच्या नोंदीत हे प्रकरण ‘ग्राहकाने वस्तू परत केली’ एवढ्याच शब्दांत मिटते. बनावट हा शब्द कोठेही येत नाही आणि विक्रेत्याचे मानांकन जसेच्या तसे राहते.

जागतिक व्यापार संघटनेच्या १ जानेवारी १९९५ रोजी अमलात आलेल्या ट्रिप्स कराराशी, म्हणजे बौद्धिक संपदा हक्कांच्या व्यापारविषयक बाबींवरील कराराशी, हे ताडून पाहावे. त्याच्या कलम ४६ नुसार हक्कभंग करणारा माल व्यापाराच्या साखळीबाहेर काढण्याचा किंवा नष्ट करण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांना असायला हवा, आणि नुसते खोटे व्यापारचिन्ह काढून टाकणे हे असा माल पुन्हा बाजारात सोडण्यास, अपवाद वगळता, पुरेसे मानलेले नाही. कलम ५९ नुसार सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी असा बनावट माल आहे त्या स्थितीत पुन्हा निर्यात होऊ द्यायचा नाही, अपवादात्मक परिस्थिती सोडून. सीमेवर अधिकाऱ्याने पकडलेली बॅग परत पाठवायला नियम आडवा येतो आणि ग्राहकाने पकडलेली तशीच बॅग मात्र छापील पत्त्याची चिठ्ठी चिकटवून सीमेपलीकडच्या विक्रेत्याला परत पाठवावी लागते. ही विसंगती दूर करायला नवा आंतरराष्ट्रीय करार लागत नाही, आपल्या खात्याचा एक आदेश पुरेसा आहे.

जबाबदारी विक्रेत्याकडे वळवण्याची मागणी नवी किंवा अतिरेकी नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या वस्तुविक्री निर्देशानुसार वस्तू मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत दोष दिसला, तर तो वस्तू देतानाच होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. चीनच्या ग्राहक कायद्यात टिकाऊ वस्तूंबाबत सहा महिन्यांसाठी जवळपास अशीच तरतूद आहे. त्याच कायद्यानुसार विक्रेत्याचे खरे नाव, पत्ता आणि संपर्क ग्राहकाला देता आला नाही तर भरपाई मंचाकडून मागता येते, आणि फसवणूक ठरल्यास मोजलेल्या किमतीच्या तिपटीएवढी वाढीव भरपाई मिळू शकते. भारताच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत, माल सदोष किंवा बनावट निघाल्यास तो परत घेण्यास वा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, तसेच तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेत जून २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर विक्री करणाऱ्यांची ओळख पडताळून घेणे मंचांना बंधनकारक झाले आहे. या तरतुदींनी बरेच काही साधले, तरी एक जागा रिकामीच राहिली. वस्तू बनावट असेल तर काय करायचे हे त्या सांगतात. बनावट आहे की नाही याबद्दलच वाद असेल तेव्हा आधी कोणी बोलायचे, हे सांगत नाहीत. ग्राहकाची अडचण नेमकी तेथेच आहे.

मंच आपण केवळ मध्यस्थ असल्याचे सांगतात आणि न्यायालयांनी या म्हणण्याला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. टिफनी ही दागिन्यांची कंपनी विरुद्ध ईबे हा ऑनलाइन विक्रीमंच या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१० साली असे ठरवले, की आपल्याकडे बनावट माल विकला जातो याची सर्वसाधारण कल्पना असणे मंचाला दोषी धरण्यास पुरेसे नाही, विशिष्ट विक्रीची माहिती असली पाहिजे. पुढच्याच वर्षी सौंदर्यप्रसाधने बनवणारी लॉरिआल विरुद्ध ईबे या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटले, की जाहिरातीची मांडणी सुधारण्यात किंवा तिचा प्रसार करण्यात मंचाने सक्रिय भाग घेतला असेल, तर मध्यस्थ म्हणून जबाबदारीतून मिळणारी सवलत त्याला मिळणार नाही. हे दोन्ही खटले ब्रँडच्या मालकांनी लढवलेले होते. एका हँडबॅगेसाठी सामान्य ग्राहक त्या पायरीपर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणूनच त्याचे संरक्षण नियमातच असायला हवे. शिवाय ग्राहकाने सिरियल नंबर आणि छायाचित्रांसह केलेली तक्रार ही माझ्या मते त्या विशिष्ट विक्रीची माहितीच होय, आणि ती हाती आल्यावर आपल्याला काही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय मंचाला राहू नये.

आपल्या खात्याने काढावा असा नियम माझ्या दृष्टीने साधा आहे. वस्तू ‘अस्सल’ म्हणून विकली गेली असेल आणि ग्राहकाने मुदतीत, कारणे व छायाचित्रे देऊन ती बनावट असल्याची तक्रार केली असेल, तर विक्रेत्याने ती ब्रँडकडून किंवा त्याच्या अधिकृत वितरकाकडून आपल्यापर्यंत कशी आली हे दाखवणारी खरेदीची बिले ठरावीक दिवसांत मंचाकडे सादर करावीत. ज्याने खरोखर अस्सल माल घेतला आहे त्याच्या फाइलमध्ये हा कागद असतोच, त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याला यात एका दिवसाचेही काम नाही. बिले आली नाहीत किंवा ती त्या वस्तूशी जुळली नाहीत, तर पूर्ण परतावा द्यावा, आणि वस्तू विक्रेत्याकडे न जाता तपासणीसाठी तटस्थ यंत्रणेकडे किंवा व्यापारचिन्हाच्या मालकाकडे जावी. जाहिरातीत वापरलेले ब्रँडचे नाव बिलावर छापणे सक्तीचे असावे, आणि तक्रार आल्यावर मूळ जाहिरात मंचाने जशीच्या तशी जपून ठेवावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. काही खरेदीदार अस्सल वस्तू ठेवून घेतात, तिच्या जागी नकली परत करतात आणि पैसे मागतात. छोट्या विक्रेत्यांना याचा खरोखर फटका बसतो. यावर उपाय पाठवणीच्या वेळीच करता येतो. महागड्या वस्तूचा सिरियल नंबर, वजन आणि खुणा दाखवणारी छायाचित्रे पार्सल बंद करण्यापूर्वी मंचाच्या नोंदीत चढवली, तर अदलाबदल कोणीही केलेली असो, ती पकडता येते. वापरलेल्या वस्तू विकणाऱ्यांकडे जुनी बिले नसतात, हेही खरे आहे. त्यांनी ‘अस्सलपणाची पडताळणी झालेली नाही’ असे लिहून विकावे. विकत घेणारा ते वाचून आपला निर्णय घेईल. अस्सलपणाचे आश्वासन देऊन वरची किंमत घ्यायची आणि पुरावा मागताच मागे सरायचे, याला मात्र जागा राहता कामा नये.

शेवटची विनंती इतर खरेदीदारांसाठी आहे. एका ग्राहकाची तक्रार खरी ठरली, तरी त्याच विक्रेत्याकडून तीच वस्तू घेतलेल्या बाकीच्यांना ते आज बहुतेक ठिकाणी कळतच नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने हे बदलले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ३२ नुसार, बेकायदा वस्तू विकली गेल्याचे समजल्यावर, आधीच्या सहा महिन्यांत ती घेतलेल्या ज्या ग्राहकांचा संपर्क उपलब्ध आहे त्यांना मंचाने विक्रेत्याची ओळख आणि दाद मागण्याचे मार्ग यांसह कळवायचे आहे. माझ्या बॅगेचा सिरियल नंबर आणखी कितीजणींच्या बॅगेत शिवलेला आहे हे मला कधीच समजणार नाही, पण मंचाच्या नोंदींवरून ते शोधता येते. हे कलम आपल्या नियमांत तातडीने आणावे, आणि त्यासाठी ग्राहकांकडून हरकती व सूचना मागवणारा मसुदा आपण प्रसिद्ध करावा, अशी आग्रहाची विनंती करते.

आपली विश्वासू,
एक ग्राहक