ख्रिसिपसची हरवलेली पुस्तके

महोदय,

स्टोइक या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या विचारांवर मराठीत अलीकडे बरेच लिहिले जाते, पण ते सेनेका, एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस यांच्यापाशीच थांबते. या विचारांची भक्कम बांधणी केली ती ख्रिसिपसने. इ.स.पू. २७९च्या सुमारास किलिकियातील सोली (आजचे दक्षिण तुर्कस्तान) येथे जन्मलेला हा तत्त्वज्ञ झेनो आणि क्लिअँथिस यांच्यानंतर अथेन्समधील स्टोइक पंथाचा प्रमुख झाला. तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणारा प्राचीन लेखक डायोजिनिस लाएर्शियस त्याच्या नावावर ७०५हून अधिक पुस्तके सांगतो. पुस्तक म्हणजे इथे पपायरसची एक गुंडाळी. एकेका ग्रंथाच्या अनेक गुंडाळ्या असत. त्यांतले एकही संपूर्ण उरलेले नाही. डायोजिनिसने दिलेली यादीसुद्धा नीतिशास्त्राच्या विभागात मध्येच तुटते!

उरले ते बरेचसे विरोधकांमुळे. ग्रीक लेखक प्लुटार्कने ख्रिसिपसमधल्या विसंगती दाखवण्यासाठी वाक्ये उचलली, तर प्राचीन वैद्य गेलनने आत्मा आणि भावनांवरचे लांब उतारे खोडून काढण्यासाठी दिले. त्यामुळे वाक्य खरे असले तरी त्याचा मागचा-पुढचा संदर्भ गेलेला असतो. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहरातील जळक्या गुंडाळ्यांत मात्र त्याच्या तर्कशास्त्रीय लेखनाचा थेट तुकडा मिळाला आहे.

जुन्या स्टोइकांच्या उताऱ्यांचे फॉन आर्निम या अभ्यासकाने केलेले १९०३ ते १९०५ दरम्यानचे संकलन अजूनही आधार मानले जाते, पण त्यातल्या ख्रिसिपसवरच्या खंडांत त्याचे नावही नसलेले कितीतरी उतारे आहेत. म्हणून अवतरण छापण्यापूर्वी मूळ उताऱ्यात त्याचे नाव आहे का आणि ते शब्द त्याचेच आहेत की दुसऱ्याने दिलेला सारांश, हे लेखकांनी तपासावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक