तळ्याकाठचे खांब आणि बागेची मोटर

नाशिक, रविवार रात्र

प्रिय पक्या,

तुझे फोटो मंगळवारीच मिळाले, उत्तर आज देतोय, कारण नुसता अंगठा दाखवला की तुला वाटतं मी उघडून बघितलंच नाही. सगळे बघितले बाबा, सत्तावीसच्या सत्तावीस, त्यातले अकरा तुझ्या कुत्र्याचे होते ते पण बघितले. पण तुमच्या मँचेस्टरच्या हीटन पार्कचं तू जे लिहिलंस ना ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक.

मला वाटायचं सरकारी बाग म्हणजे सरकारनेच लावलेली. तुमच्या तिथं म्हणजे आख्खी जहागीरच विकत घेतलेली, सहाशे एकर, मध्ये तो १७७२ चा वाडा, सर थॉमस एगर्टनने जेम्स वायट या वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेला, आणि १९०२ ला मँचेस्टर कॉर्पोरेशनने २ लाख ३० हजार पौंड मोजून सगळं लोकांसाठी घेतलं. त्या काळातले २ लाख ३० हजार! वाचून मी आमच्या हिला मोठ्याने सांगितलं, ती म्हणाली आधी गॅस बंद कर. आणि गंमत म्हणजे वाडा घेतला पण आतलं सामान नको म्हणाले, ते लिलावात गेलं. म्हणजे बघ, चिरे सांभाळायचे, पलंग-कपाटं गेली तर गेली. हे वाचून मला एकदम आपलंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं, इथं पण वाड्यांची हीच तऱ्हा, आधी दारं-खिडक्या जुन्या बाजारात जातात, मग लोक जागे होतात.

तो तळ्याकाठचा खांबांचा फोटो मात्र मी मोठा करून करून बघितला. किंग स्ट्रीटवरचं जुनं टाऊन हॉल पाडलं तर त्याचे दर्शनी खांब उचलून १९१२ ला बागेत आणून उभे केले, आणि ते तळंसुद्धा बेरोजगार लोकांना काम म्हणून खोदायला लावलेलं, हे भारी आहे. आपल्याकडे असे खांब निघाले असते तर एखाद्याच्या फार्महाऊसच्या गेटला लागले असते, आणि आपण दोघं तिथं हुरडा पार्टीला जाऊन म्हणालो असतो वा काय चॉईस आहे.

आता तुझ्या तक्रारीवर. पार्कलाइफ या संगीत महोत्सवाचे लोक येतात, पत्रे लावून मैदान अडवतात, धिंगाणा होतो, नंतर गवताचा चिखल, सगळं मान्य. पण तू राहतोस प्रेस्टविचला, तुझा कौन्सिल टॅक्स जातो शेजारच्या ‘बरी’ कौन्सिलला आणि पार्क मँचेस्टरचं, म्हणजे तू फुकट्या आहेस हे आधी कबूल कर. दुसरं असं की पैसा कुठून तरी यायलाच लागतो. लॉटरीच्या निधीतून आणि कौन्सिलच्या पैशातून डागडुजी झाली म्हणतोस, मग तो वाडा बहुतेक वेळ कुलपातच का असतो? कारण दुरुस्तीचा पैसा वेगळा आणि रोज सकाळी दार उघडणाऱ्याच्या पगाराचा पैसा वेगळा. पहिल्याला फोटो मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. हे मी तिकडे न येता सांगतोय कारण इथं रोज बघतो.

आमच्या कॉलनीजवळ एक बाग आहे, नाव लिहीत नाही, उगाच कुणाला तरी लागायचं. तीन वर्षांपूर्वी तिचं सुशोभीकरण झालं, कोनशिला बसली, पेव्हर ब्लॉक, कारंजं, ग्रीन जिम, कमानीवर लाइटिंग, लोकार्पणाला मी पण पेढा खाल्ला. आत्ता जाऊन बघ. कारंज्याच्या हौदात पिंपळाचं रोप आलंय, हातभर. जिमच्या सायकलला एकच पायडल. बोअरची मोटर मार्चमध्ये जळाली तेव्हापासून माळीकाका डिस्टेंपरची रिकामी बादली घेऊन रस्त्यापलीकडच्या सोसायटीतून पाणी आणतात, बादलीला कडी नाही, सुतळी बांधलीय, ती हाताला कापते म्हणून सुतळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. मी म्हणालो काका अर्ज करा, तर म्हणाले, साहेब मी ठेकेदाराचा माणूस, ठेका संपला मागच्याच महिन्यात, मी आपला सवयीने येतो. आता याच्यावर काय बोलणार? नवीन सुशोभीकरणाचा प्रस्ताव मात्र तयार आहे म्हणे, त्यात कमान पाडून दुसरी कमान.

आणि हे एका बागेपुरतं नाही रे, कुंभ जवळ आलाय, २०२७ चा, सगळं शहर खणून ठेवलंय, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायचं तर उड्या मारत. सराफ बाजारात सरकारवाड्याशी थांबून चहा घेतला परवा, तिथं तरी जरा पेशवाई शिल्लक आहे. पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक आठवतंय ना, २९ एकराचं, कॉलेजला असताना बाइकवर ट्रिपल सीट गेलो होतो आणि परत येताना माझी चप्पल राहिली होती? त्याच्या पुनर्विकासाचं पेपरात अधूनमधून येतच असतं. व्हावं की, फाळके इथलेच, जन्म १८७० चा त्र्यंबकेश्वरचा, १९४४ ला गेले ते नाशिकमध्येच, त्यांच्या नावाला शोभेल असं काहीतरी हवंच. माझा प्रश्न एवढाच असतो की उद्घाटनानंतर लाइटबिल कोण भरणार, आणि ते विचारलं की लोक माझ्याकडे असं बघतात जसं काही मी बारशात मर्तिकाचं विचारलं.

तर मागच्या रविवारी पोरीला घेऊन लेणीवर गेलो, सातवीत आहे आता, इतिहासात सातवाहन आहेत. पायऱ्या चढून मी धापा टाकतोय आणि ती वर जाऊन हसतेय. १० नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात उषवदाताचा लेख आहे, त्या काळी इथं राज्य करणाऱ्या नहपान क्षत्रपाचा जावई तो, म्हणजे जवळजवळ १९०० वर्षं झाली. आपण तिथं शंभरदा बसलो असू, पण लेख काय आहे ते कधी बघितलं नाही, आपलं लक्ष वडापावकडे. या वेळी मोबाईलवर भाषांतर काढून तिला वाचून दाखवलं आणि मीच गार पडलो.

बघ काय केलंय त्याने. लेणं कोरून दिलं संघाला, ते झालंच, पण सोबत ३००० काहापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून दिले. कुठं ठेवले, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे, गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडचं. २००० एका श्रेणीकडे शेकडा १ दराने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण, व्याज महिन्याचं. आणि स्पष्ट लिहिलंय की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, याला शब्द आहे अखयनिवी, अक्षय ठेव. त्यातल्या २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ काहापण कपड्यासाठी. पोरीने तिथंच बोटांवर हिशोब केला, २००० चे महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ पण २४०. एक काहापण इकडचा तिकडे नाही! त्याखेरीज चिखलपद्र नावाच्या गावात ८००० नारळाची झाडं. आणि हे सगळं निगमसभेत ऐकवलं, दप्तरी नोंदवलं, आणि वर दगडात कोरलं की नंतर कुणी म्हणायला नको आम्हाला माहीतच नव्हतं.

निगमसभेत, पक्या! म्हणजे महासभाच की. आपल्या महापालिकेत २०२२ पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सगळं बघत होते, आणि इथं विणकरांना दिलेल्या ठेवीचं जाहीर वाचन झालेलं. मला राग नाही आला, हसूच आलं. एवढं डोकं वर डोंगरात कोरून ठेवलंय आणि खाली आम्ही कमान पाडून कमान बांधतोय.

पोरगी मात्र पोरगीच, म्हणाली, बाबा एकविसावा भिक्षू आला तर? मला काही सुचलं नाही, म्हटलं खाली जाऊन उसाचा रस पिऊ.

खरं सांगू का, तुमचं पार्कलाइफचं भाडं हे पण एक प्रकारचं व्याजच असेल, नीट बागेवर खर्च होत असेल तर. तेवढं तू शोधून काढ. कौन्सिल त्या भाड्यातून बागेवर किती घालतं, आणि तिथले माळी कायम आहेत का ठेक्यावर, एवढं एखाद्या माळ्याला गाठून विचार, तुला कुत्रा फिरवायला जायचंच असतं. मला आमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये बोलायचंय. कल्पना अशी की पुढच्या सुशोभीकरणातून कमान वगळा आणि तेवढी रक्कम बँकेत टाका, व्याजातून मोटर आणि काकांचा पगार. आमचे सेक्रेटरी म्हणाले असं हेड बसत नाही. हेड बसत नाही म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, बसवा की मग.

तोपर्यंत वर्गणी काढलीय, एकोणीस घरांनी दिली, तीन म्हणाले आम्ही बागेत येतच नाही. मोटर रिवाइंडिंगला टाकलीय, गुरुवारी देतो म्हणाला म्हणजे सोमवार धर.

डिसेंबरात येतोयस ना? वहिनींना सांग थंडी आहे म्हणून स्वेटर आणायची गरज नाही, तुमच्या मानाने काहीच नाही इथं. मिसळ खाऊ, मग लेणी चढू, तू आधी चढ, मी मागून येतो. आणि आईला फोन कर रे, मला भाजीवाल्याकडे भेटल्या तर तुझ्याबद्दल मलाच विचारत होत्या.

तुझा,
मंद्या

ता.क. त्या अकरा फोटोंपैकी एकात मागे खांबाला टेकून कुणीतरी डबा खातंय, पोळीभाजीच वाटतेय. झूम करून बघ.